चिंतामणी उजवीकडे फिरला तेव्हा

समस्त पुरुषमंडळींना, विशेषतः पन्नाशी ओलांडूनही ते मान्य न करणाऱ्यांना, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की प्रस्तुत लेखकाला आता लघवी साफ होते. हसू नका. ही आई तुळजाभवानीची कृपा आहे, आणि ती कशी झाली हे मी छाती पुढे काढून सांगणार आहे.

आमच्या तेरमध्ये लग्न असो, सत्कार असो की पुण्यतिथी, माइक माझ्याच हातात असतो. दोन-दोन तास मी जागचा हलत नसे. वर्षभरापूर्वी मात्र नवरदेव पारावरून मांडवात येईपर्यंत मला दोनदा बाहेर पळावं लागू लागलं. पळताना घाई अशी की विचारू नका, आणि भिंतीपाशी पोचल्यावर काहीच नाही. जोर लावायचा, थेंब थेंब व्हायची, आणि परत फिरलो की वाटायचं, राहिलीच. रात्रीतून चार वेळा उठणं होई. बायकोनं डॉक्टरचं नाव काढलं की मी चहावर खापर फोडायचो. खरं कारण वेगळं होतं. आमच्या वडिलांना हेच झालं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि कळलं तेव्हा किडन्या गेल्या होत्या. थोरले भाऊ आण्णा यांच्यापाशी मी एकदा विषय काढला, तर ‘वयानं होतंय’ म्हणून ते उठूनच गेले. मी मनातून पार घाबरलो होतो. साऱ्या गावाचं बोलणारा माणूस मी, पण माझं एवढं एक वाक्य तोंडातून निघेना.

शेवटी देवीलाच विचारायचं ठरवलं. तुळजापूरच्या देवळात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात टेकून मनात प्रश्न विचारायचा. दगड उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार. मंगळवार होता, रांग लांबलचक. रांगेतून मी तीनदा बाहेर पडलो, आणि तिन्ही वेळा मागच्या एका म्हातारीनं माझी जागा राखली. ती सास्तूरची होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दर्शन झालं, आणि चिंतामणीपाशीही ती माझ्या मागंच. मी हात टेकले, डोळे मिटले आणि विचारलं, आई, मी बरा होईन का? दगड अलगद उजवीकडे फिरला. माझे डोळे भरून आले. मनात आलं, सुटलो, आता डॉक्टरकडं जायला नको.

पण माझी अडचण अशी की मनातल्या मनात बोलायची मला सवय नाही. माझं कुजबुजणंही शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतं. म्हातारीनं सगळं ऐकलं होतं. तिनं मला बाजूला घेतलं आणि, एसटी स्टँडचा रस्ता विचारावा इतक्या सहज, धार बारीक झाली का, मधेच तुटते का, रक्त तर जात नाही ना, असं एकेक विचारत सुटली. शेजारून बायका चालल्या होत्या. मला धरणी ठाव देईना. मग तिनंच सांगितलं, तिच्या मालकांनीही लाजेपायी असेच दिवस काढले होते, आणि एके दिवशी लघवी पार अडली, तेव्हा जीपमध्ये आडवं घालून न्यावं लागलं होतं. मी चाचरत म्हणालो, पण देवी तर हो म्हणाली.

“व्हय म्हणली ना? मंग जावा की दवाखान्यात. घरी बसून बरा हो, असं कुठं म्हणली ती?”

मी तिच्या पाया पडलो. मान वर केली तेव्हा ती अंतर्धान वगैरे पावली नव्हती. चिंतामणीवर हात ठेवून स्वतःचा प्रश्न विचारत होती, तोही मनातल्या मनात. तरी माझ्यापुरती कृपा मला ओळखता आली.

दुसऱ्याच दिवशी धाराशिव गाठलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, आणि आणखी एक तपासणी झाली जिचं वर्णन माइकवरून करता येत नाही. पण अर्ध्या मिनिटात संपते, एवढं सांगतो. प्रोस्टेटची गाठ वाढली होती. माझी साधी निघाली, कॅन्सरची नव्हे. प्रत्येकाची साधीच असते असं नाही, म्हणूनच बघून घ्यायचं, असं डॉक्टर म्हणाले. लघवी आत साठून राहत होती, आणखी उशीर झाला असता तर वडिलांचीच वाट धरली होती. गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात मी पुन्हा दोन तास उभा राहू लागलो. देवीच्या पायाशी मी आजवर नारळ ठेवले, खण ठेवले. लाज तेवढी घरी झाकून ठेवली होती. तीही तिथंच ठेवायची असते, हे सास्तूरच्या त्या माउलीनं शिकवलं.

मग नवरात्रात, आरतीनंतर, गावातली सगळी वडीलधारी समोर असताना मी माइकवरून ही हकिकत सांगितली, तपासण्यांसकट. इतका अभिमान मला कुठल्याही भाषणाचा वाटला नाही. पुरुषमंडळी आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडं बघत होती. आण्णा नेहमीसारखे दाराजवळ बसले होते. अलीकडं ते कुठंही गेले तरी दाराजवळच बसतात. चारचौघांत कधी तोंड न उघडणारा माझा भाऊ उभा राहिला आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाला,

“उद्या सकाळची पहिली गाडी कितीला हाय रं धाराशिवला?”