लग्नातला फोटोग्राफर रानात

आबांना कुणी मध्ये आलेलं खपत नसे. नंदुरबारात त्यांचा स्टुडिओ होता. लग्नात नवरीची सख्खी आई जरी चौकटीत डोकावली, तरी ते तिला दंडाला धरून बाजूला करत. "तोंड दिसाले जोयजे. बाकीना पसारा कसाले?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

उतारवयात त्यांना पक्ष्यांच्या फोटोंचं वेड लागलं आणि जीप चालवायला ते मला न्यायचे. नवापूरकडच्या डोंगरातले रस्ते म्हणजे नुसते दगड. कॅमेरा त्यांच्या मांडीवर तान्ह्या बाळासारखा. आम्ही आपटलो तर आपटलो. एकदा माझं कपाळ फुटलं. रुमाल माझ्याकडे फेकत आबा म्हणाले, "डोकं फुटनं ते टाका पडतीन. लेन्सले टाका पडतस नही." मग स्वतःच्या डब्यातली अर्धी भरीत-भाकरी मला भरवली. असा माणूस. राग धरावा तर घास तोंडात.

खांडबाऱ्यापलीकडे एका मावशीच्या दारच्या आंब्यावर स्वर्गीय नर्तक पक्ष्याचं घरटं होतं. पांढरा नर, हातभर शेपटी, आत तीन पिल्लं. मावशी घरी तिकडच्या आदिवासींची कोकणी बोलायची, आमच्याशी शाळेतलं मराठी. मांजर येऊ नये म्हणून तिनं बुंध्याला काटे बांधले होते. "फोटो काढा, पण पान तोडू नका," ती म्हणाली. "पिल्लं उघडी पडतील." आबांनी मान डोलावली. ती पाण्याला गेली.

आबांनी पिशवीतून कात्री काढली. मी म्हटलं, "आबा, तिनं सांगितलंय." ते म्हणाले, "वऱ्हाडी बाजूले कऱ्याशिवाय नवरदेव दिसस का?" घरट्याभोवतीची पानं त्यांनी एकेक करून छाटली. नर आला, पिल्लांना भरवून गेला. फोटो खरंच देखणा मिळाला.

मग कावळा आला. मी दगड उचलला, तर आबांनी माझं मनगट धरलं. "हालू नको." कावळ्यानं तिन्ही पिल्लं नेईपर्यंत कॅमेरा थांबला नाही. नर-मादी झाडाभोवती ओरडत फिरत होती.

मावशी परत आली. हंडा न उतरवता ती वर बघत राहिली. आबांनी उत्साहानं तिच्यापुढे कॅमेरा धरला आणि फोटोतल्या कावळ्याच्या डोळ्यावर बोट ठेवलं. "देख, कावळाना डोया बी साफ उना शे." आणि लगेच त्याच फांदीकडे बोट करून विचारलं, "पुढला साल बी घरटं आठेच बांधतीन ना?"

मावशीनं हंडा ठेवला, घरातून कोयता आणला आणि घरट्यासकट फांदी तोडून त्यांच्या पायाशी टाकली. "घेऊन जा."

आबांना ती भेट वाटली. त्यांनी तिला मनापासून हात जोडले, फांदी मागच्या सीटवर नीट ठेवली आणि माझ्याकडे बघून खुशीत हसले. स्टुडिओत मांडणार होते.

मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि खांडबारा स्टेशनापर्यंत चालत गेलो. त्यानंतर त्यांच्या जीपला हात लावला नाही. आता आबा नाहीत. त्या माणसावर माझा जीव होता. त्या दिवसानंतरही ती माया पुरती आटली नाही, याचाच मला राग येतो.