भीमेच्या पात्रातला झिरा

यंदाच्या उन्हाळ्यात सोलापूरहून एका लग्नासाठी मैंदर्गीच्या पुढे, भीमेकाठी गेलो होतो. नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक, आणि मधे नुसती वाळू. धरणातलं पाणी कुणाच्या वाट्याला यावं, यावरून दोन्ही काठांचं बोलणं बंद झालं होतं.

पात्रात एक म्हातारी मेंढपाळ बाई बसली होती. तिनं वाळूत हातभर खोल झिरा उकरला होता. साठेल तसं पाणी ती वाटीनं घमेल्यात ओतायची. पाणी मेंढरांसाठी होतं, तरी त्यातली काडीकुडी करंगळीनं काढून टाकायची.

तेवढ्यात पलीकडून एक तरुण बाई घागर घेऊन आली आणि लांबच थांबली. म्हातारीनं वाटी पुढे केली. "बा तंगी," ये गं बहिणी, असं कानडीत म्हणाली.

आमच्या काठावरून एकजण ओरडला, "म्हातारे, ती तिकडची हाय की!"

"व्हय," म्हातारी वर न बघताच म्हणाली, "पर पानी वाळूखालनं येतंय, बाबा. त्येंच्या अंगानं येतंय का आपल्या, मला कसं कळावं?"

म्हातारी घागर भरेपर्यंत मेंढरं तिच्या पाठीला तोंडं घाशीत तहानलेली उभी राहिली.

मला वाटलं, आता ती बाई जाईल. पण तिनं घागर बाजूला ठेवली, पदर खोचला आणि म्हातारीच्या हातातली वाटी घेऊन घमेलं भरायला बसली. म्हातारीनं वाळूत पाय पसरले आणि पलीकडच्या काठाला हात करून हाक दिली, "बर्री, बर्री!" या गं, या!

तिकडच्या बायका घागरी घेऊन पात्रात उतरू लागल्या.