आमचा निरोगी नमुना

१४ नोव्हेंबर १९९८, शनिवार. गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीनंतर कुवेतमधल्या जाब्रियातल्या आमच्या लॅबमध्ये पेशी मोजण्याचं मशीन तपासायचं होतं. त्यासाठी निरोगी नमुना म्हणून आमचा रत्नागिरीकडचा तंत्रज्ञ नेहमी स्वतःचंच रक्त देई.

रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी गॅमा-डेल्टा टी-पेशी त्याच्या लाडक्या. म्हणायचा, “ताई, बाकीच्या टी-पेशी चौकशीत दिवस घालवतात. ह्या राखणदार. चोर दिसला की आधी काठी.”

त्या दिवशी त्याच्याच रक्तात त्या कितीतरी पट वाढलेल्या निघाल्या.

“मशीन बिघडलंय,” तो म्हणाला. मी माझं रक्त लावलं. आकडा नेहमीसारखा आला. म्हणजे मशीन ठीक होतं, संसर्ग त्याच्या अंगात होता.

“ताप येतो?” मी विचारलं.

“संध्याकाळी, थोडा.”

“उंटिणीचं कच्चं दूध पितोस अजून? त्यातूनही जंतू जाऊन असा ताप येतो.”

“तेवढंच असेल तर बरं. टीबी निघाला तर घरी पाठवतील, ताई. कुणाला सांगू नका.”

आणि दुसऱ्याच्या रक्ताचा थेंब वाया न घालवणाऱ्या त्या माणसाने माझ्यासमोर स्वतःची नळी कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला लॅबमध्ये येऊच दिलं नाही. गाडीत घातलं, डॉक्टरांच्या दाराशी नेलं आणि तो आत जाईपर्यंत तिथून हलले नाही.