हसण्याच्या जागचं कडवं

मला मोठं करायला दोन माणसं लागली. एक अकोल्याच्या जठारपेठेतला दुकानदार, दुसरा मुंबईहून येणारा तबकड्यांच्या कंपनीचा साहेब. त्यांनी मला फसवलं नाही, हे आधीच सांगून टाकते. कबूल केलं तेवढं सगळं दिलं. फसवलं असतं तर बरं झालं असतं, शिव्या तरी मोकळ्या मनानं देता आल्या असत्या. सत्तरी उलटली तरी तो राग अजून घशाशी येतो.

आमचं घर वलगावचं, माळ्याचं. शेवंती, झेंडू, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे निघेल ते पहाटे बंडीत भरायचं आणि अमरावतीच्या बाजारात नेऊन विकायचं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. साहेबी कारभार नागपूरला चालायचा, आमचा कारभार बंडीच्या चाकांवर. मी टोपल्यापाशी बसून ओरडायची, त्यानं गळा तयार झाला. कुठल्या उस्तादानं केलेला नाही. पुढं कंपनीच्या सूचीपत्रात उस्तादही छापला गेला, ते येईलच.

भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी भुलाबाई मांडतात. ज्वारीच्या धांड्यांचा मखर, त्यात मातीचे भुलोजी आणि भुलाबाई, रोज संध्याकाळी घरोघर गाणी आणि झाकलेली खिरापत ओळखायची. हे सगळीकडेच असतं. आमच्या गल्लीत मात्र एक जास्तीची रीत होती. शेवटच्या गाण्यात प्रत्येक घराचं स्वतःचं एक कडवं असायचं. त्या घरच्या बाईनं ते रचलेलं असायचं आणि त्या घरच्या पोरीनंच ते उचलायचं. बाकीच्यांनी फक्त झेलायचं. पोर आजारी असली तर कडवं त्या दिवशी गाळलं जायचं, पण दुसरीनं म्हणायचं नाही. कोणाकडे म्हैस व्याल्याचं कडवं होतं, कोणाकडे दारुड्या दिराचं. आमच्या घरचं कडवं माझ्या ताईचं होतं.

ताईला नांदगाव खंडेश्वराच्या बाजूला एका खेड्यात दिली होती. घर शेतीवाडीचं, काळ्या जमिनीचं, आमच्यापेक्षा चार पायऱ्या वर, आणि ते तिला रोज ऐकवायचे. दुसऱ्या वर्षी चैतात ती गावच्या पायऱ्यांच्या बारवेत सापडली. पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. पाटलानं तेच लिहिलं आणि मिटलं. माय बारव पाहून आली. आल्यावर ती रडली नाही, चुलीपुढे बसली आणि त्या वर्षी भुलाबाईला तिनं मला हे कडवं शिकवलं:

उन्हाची पायरी कोरडी ठाक,
कोरड्या पायरीवर घसरली कशी?
भरली घागर काठाले उभी,
घागर ठेवून बुडली कशी?

एवढंच. ना कोणाचं नाव, ना शिवी. पण त्या चार ओळी म्हणताना झेलणाऱ्या पोरींच्या टाळ्या आपोआप थांबायच्या. आमच्याकडे कोर्ट नव्हतं, वकील नव्हता. ते कडवं होतं आणि ते म्हणायला मी होते.

जठारपेठेतला दुकानदार आमच्या गल्लीत शिवणयंत्र पोचवायला आला होता. दुकानात सायकली, शिवणयंत्रं आणि तबकड्या वाजवायचे फोनो, तिन्ही विकायचा. संध्याकाळी त्यानं आमचं गाणं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मायपुढे येऊन बसला.

"वैनी, तुमच्या पोरीचा गळा टोपल्यापाशी वाया जाऊन राहिला. कंपनीचा सायेब अकोल्यात येऊन राहिला. हे भुलाबाईचं गानं तबकडीवर भरू. गावोगाव वाजन."

माय निंदणीचा विळा घासत होती. तिनं वर न पाहता विचारलं, "नांदगावाकडं वाजन?"

"वाजन म्हंजे? तिकडं माहे सात गिऱ्हाईक हायेत."

"मंग घेऊन जा," माय म्हणाली. भाऊबंद नाक मुरडत होते, माळ्याची पोर तबकडीत गाणार म्हणून. मायनं कोणाचं ऐकलं नाही. निघताना तिनं माझा दंड धरला. "त्याइच्या घरापुढं वाजलं पायजे. तूच उचलजो."

अकोल्यात कापसाच्या एका जिनवाल्याच्या बंगल्यात सोय केली होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना रुईच्या, कापसाच्या, गाद्या टांगल्या होत्या. आत भट्टीसारखं उकडत होतं आणि पंखा बंद, कारण पंख्याची घरघर मेणाच्या तबकडीत उतरते. लाल दिवा लागला की गायचं, विझला की थांबायचं. पहिल्यांदा मी सुरुवातीपासून गायले, ताईच्या कडव्यापर्यंत पोचले आणि त्याच्या पहिल्याच ओळीवर दिवा विझला.

साहेब आत आला. कोकणातला असावा, बोलणं गोड. "बाई, आवाज सुरेख आहे. पण तबकडीला तीन मिनिटं आणि वर थोडं. एक कडवं गाळावं लागेल. कोणतं, ते तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, म्हशीचं गाळा. दिराचं गाळा. दोन्ही गाळली तरी चालतील, त्या पोरींचे पाय धरीन मी.

दुकानदार दारात उभा होता. साहेबाला त्या ओळींचा अर्थ लागला नव्हता. दुकानदाराला पुरता लागला होता, वऱ्हाडातच जन्मलेला तो. तो म्हणाला, "म्हशीचं ठेवा सायेब, त्याले लोक हासतात. ते बारवेचं काढा." मग माझ्याकडे वळून, अगदी बापाच्या आवाजात, "पोरी, ते कडवं असं कोपऱ्यात कोंबायचं नाई. त्याची सोतंत्र तबकडी करू. अख्खी. माहा शब्द हाय."

आणि मी मान डोलावली. हे सांगताना आजही मान दुखते. मला वाटलं, ताईची स्वतंत्र तबकडी! चार ओळींऐवजी एक पूर्ण बाजू! लोभच तो. मायनं काय सांगून पाठवलं होतं ते दंडावर अजून ताजं होतं, आणि मी मान डोलावली.

कडवं काढल्यावर शेवटी थोडी जागा उरली. त्या काळी गाणारी बाई शेवटी आपलं नाव सांगायची. माझ्या नावावर दोघं बराच वेळ खल करत बसले, मी समोर असताना, बैलाचा सौदा करतात तसे. माझं नाव साहेबाला गावंढळ वाटलं. दुकानदाराला वाटलं, आडनावावरून जात कळते, गिऱ्हाईक बिचकतं. तेवढ्यात उकाड्यानं वैतागून मी हसले असेन. साहेबानं चुटकी वाजवली. "हेच! नाव नको. शेवटी हसू द्या. वऱ्हाडची हसरी मैना!"

दुकानदारानं मांडीवर थाप मारली. त्या क्षणी मी संपले आणि मैना सुरू झाली. मला अकरा वेळा हसवलं. सहाव्यांदा हसताना रडू यायला लागलं तर साहेब म्हणाला, थोडं पाणी घ्या. अकरावं हसू पसंत पडलं आणि ते कडव्याच्या जागी भरलं गेलं.

त्यानंतरचं त्यांचं काम मात्र पाहण्यासारखं होतं. कंपनीनं फोटो काढला. जरीकाठी लुगडं, हातात तंबोरा. तो तंबोरा मी त्याआधी पाहिलासुद्धा नव्हता. सूचीपत्रात छापलं, थोर उस्तादांची शिष्या. इकडे दुकानदारानं जत्रांमध्ये माझ्या चित्राच्या पाटीसह टांगा फिरवला, टांग्यात कर्णा. काय पाहिजे ते मुंबईनं ठरवायचं आणि कसं खपेल ते जठारपेठेनं. मला बाजारात बसायची बंदी झाली, कारण मैना वांगी विकत नसते. आणि कागद होता. कंपनीशिवाय कुठंही, कोणापुढंही पाच वर्षं गायचं नाही. मी अंगठा दिला होता.

"गल्लीतल्या भुलाबाईतही नाई?" मी दुकानदाराला विचारलं.

"तिथं तर मुळीच नाई. फुकट आयकाले भेटल्यावर तबकडी कोन घेईन?"

"अन् ताईची तबकडी?"

त्यानं साहेबाचं पत्र पुढं केलं, जणू मला वाचता येत होतं. "सायेब म्हनते, मैना रडत नसते. लोकाइच्या मनात एक चित्र बसलं, ते बिघडवून चालत नाई. तुह्याच भल्याचं हाय, पोरी." खरंच त्याला तसं वाटत होतं. त्याच्या डोळ्यांत लबाडी असती तर मी तिथंच पायताण काढलं असतं.

तबकडी वलगावला पहिल्यांदा आली तेव्हा अख्खी गल्ली अंगणात जमली. दुकानदारानं स्वतः किल्ली दिली. मायनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि ती सगळ्यांच्या पुढं, जमिनीवर, कर्ण्यासमोर बसली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. स्वतंत्र तबकडी होणार, मग सांगू, अशी मनाची समजूत घातली होती. गाणं सुरू झालं. म्हशीच्या कडव्याला लोक हसले. माय हसली नाही, वाट पाहत होती. शेवट जवळ आला तशी ती थोडी पुढं सरकली. आणि कर्ण्यातून माझं हसू बाहेर पडलं, खळाळून.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. माय बसून राहिली. "पोरीचं कडवं कुठं हाय?"

दुकानदारानं घाईनं तबकडी उलटवली. दुसऱ्या बाजूला पाळण्याचं गाणं होतं. मायनं तेही शेवटपर्यंत ऐकलं. मग उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं, मारेल. मारायलाच पाहिजे होतं तिनं.

"तुले काय सांगतलं होतं मी? ताईवर हासली तू," ती म्हणाली आणि घरात गेली.

त्या तबकडीनं वऱ्हाड पालथा घातला. नांदगावाकडेही वाजली, वचन पाळलं दुकानदारानं. बाजारातल्या एका ओळखीच्या बाईनं सांगितलं, ताईच्या सासरच्या ओट्यावर ती संध्याकाळी लावतात, पोरांना आवडते म्हणून. ज्या घरापुढं ताईचा सवाल वाजायचा होता तिथं माझं हसू वाजत होतं. आणि तिकडून दुकानदाराचे गिऱ्हाईक सातावर राहिले नाहीत.

मी पाच वर्षं तोंड शिवून बसले. भुलाबाईला दार लावून घ्यायची. का? आज कोणी विचारलं तर काय सांगू! कागदाला भ्यायले. कोर्टात ओढतील, वावर जाईल, असं दुकानदार गोडीनं सुचवून ठेवायचा. रीत अशी, की मी उचललं नाही तर कोणी उचलायचं नाही. गल्लीनं रीत पाळली आणि पाच भुलाबाया ताईशिवाय गेल्या. माय भाकरी वाढायची आणि पाठ फिरवायची.

पाच वर्षं भरली त्या भादव्यात मी ठरवलं, आता कोणाच्या बापाला भीत नाही. कंपनीनं तोवर दुसरी मैना धरली होती. पहिल्याच संध्याकाळी मी आमच्या अंगणात उभी राहिले. गल्लीतल्या जुन्या पोरी नांदायला गेल्या होत्या, समोर आठ-दहा वर्षांच्या नव्या. मायला हाताला धरून ओट्यावर आणून बसवलं.

पोरींनी शेवटचं गाणं सुरू केलं. ते आमचं गाणं नव्हतं, तबकडीचं होतं. तीच सहा कडवी, तोच क्रम, श्वास घ्यायच्या जागासुद्धा माझ्याच. कोणतं कडवं कोणत्या घरचं, हे कोणाला माहीतच नव्हतं. दारुड्या दिराचं कडवं भलत्याच घरची पोर उचलत होती, त्याची पुतणी ते झेलत होती आणि कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. शेवट आला तशा सगळ्या एकदम थांबल्या आणि खळाळून हसल्या. एका सुरात, एका लांबीचं, माझं अकरावं हसू.

"थांबा!" मी ओरडले. "इथं हासायचं नसते. इथं आमच्या घरचं कडवं हाय."

"नाई व मावशी," त्यातली पुढची म्हणाली, "इथं हासतेतच. तबकडीत तसंच हाय. तुमाले गानं येत नाई वाटते."

ती मैना मीच, हे तिला कोण सांगणार? मी त्यांना गोल उभं केलं आणि गाणं पुन्हा सुरू करायला लावलं. शेवटी, हसण्याच्या आधी, हात वर करून त्यांना अडवलं आणि ताईचं कडवं उचललं. पाच वर्षांत गळा बसला होता. पायरी कोरडी, घसरली कशी. भरली घागर, बुडली कशी. माय मान खाली घालून ऐकत होती. चारही ओळी पुऱ्या झाल्या, मी हात खाली घेतला आणि मायकडे पाहिलं. तिनं मान वर केली होती, पाच वर्षांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहत होती.

आणि माझा हात खाली आलेला पाहून पोरी हसल्या.