चिखल बसला का?

आमची आत्या भातलावणीच्या अकरा बायकांची म्होरकी. चाळीस वर्षं कंबर मोडेस्तोवर तिने लोकांची खाचरं लावली, आणि कुणाच्या बापाला घाबरली नाही. यंदा मी लावणीचं यंत्र सांगितलं, तसं तिने माझ्याशी बोलणंच टाकलं. तिच्या बायकांना खात्रीचं काम म्हणजे माझी सहा खाचरं. आता त्यांनी जायचं कुठे?

यंत्र मला तरी कुठे पटलं होतं म्हणा! बायकोने डोकं खाल्लं म्हणून हो म्हटलं. ट्रेमध्ये वाढवलेली बोटभर रोपं. ती जगणार कशी, देव जाणे.

यंत्रवाला आला तो गोड बोलतच, आणि गोड बोलणारा माणूस मला मुळातच खटकतो. म्हणे चिखलणी झाली की चिखल खाली बसू द्या, घाई केलीत तर रोपं गाडली जातील. आम्ही हाताने लावतो ते ताज्या चिखलात, सकाळी चिखलणी आणि दुपारी लावणी. हा नक्की दुसरीकडचं काम उरकायला वेळ काढतोय, असं मला वाटलं. त्याच्या शब्दावर मी कशाला जाऊ? चिखलणी झाली तसा नाक मुठीत धरून, चिखल बसला का ते विचारायला आत्याकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी ती आली. चिखलात बोटाने रेघ ओढली, ती मिटेपर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, "बसलाय. चालव." यंत्रवाला कुरकुरला, अजून एक दिवस थांबा म्हणाला. आमच्या आत्याला चिखल शिकवतोस का, म्हणून मी त्यालाच झापलं.

चार दिवसांत पाच खाचरांतली निम्मी रोपं गडप. गाव बघून गेलं, यंत्राला नावं ठेवून गेलं. मीही ठेवली, तोंडभरून. शेजाऱ्याकडची रोपं आणून आत्याच्या बायका पुन्हा लावायला उतरल्या.

सहावं खाचर मात्र डिझेल संपल्यामुळे एक दिवस उशिरा लागलं होतं. तिथे एकूण एक रोप ताठ उभं होतं. मी आत्याच्या शेजारी जाऊन वाकलो.

"आत्या, त्या दिवशी चिखल बसला नव्हता ना?"

"नव्हता." तिचा हात थांबला नाही.

"मग मला खोटं का सांगितलंस गं?"

"तू चिखलाचं विचारायला आलास," ती म्हणाली. "माझ्या बायकांचं एका शब्दाने विचारलं नाहीस."