चावडीपुढची बाज

निजामाच्या राज्यात सारा भरताना त्यावर लोकलफंड म्हणून जादा पट्टी द्यावी लागे. त्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने होतात, असं सांगत. आमच्या गावानं पट्टी कधी चुकवली नाही आणि दवाखाना कधी पाहिला नाही. दुखणं फारच वाढलं तर बैलगाडीत घालून परभणी गाठायची, नाहीतर ताडकळसच्या बाजारात पुड्या विकणाऱ्यावर भरवसा ठेवायचा.

मी नवी सून होते. सासरे गावचे पाटील. थोरली जाऊ वर्षभर हिवतापानं खंगत चालली होती. पानथरी वाढून पोट फुगलेलं, डोळे पिवळे, पण जीभ शाबूत. मी भाकरी थापायला बसले की बाजेवरून म्हणायची, "आगं, भाकर करायलीस का गोवरी थापायलीस?" त्या परक्या घरात मला हसवणारं माणूस तेवढं एकच होतं. माझा फार जीव होता तिच्यावर.

त्या हिवाळ्यात बातमी आली की आमच्या बाजूला एक दवाखाना मंजूर होणार. एकच. डॉक्टरचा पगार आणि औषधं लोकलफंडातूनच निघायची, आणि दुसरा उघडण्याइतका पैसा नव्हता. आमचं गाव की ओढ्यापलीकडचं, हे जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर येऊन, दोन्ही गावं बघून ठरवणार होते. जावेला हे ऐकूनच हुशारी आली. "हितं झाला तर मी पायी जाईन, कुणाचा हात धरायची न्हाई," म्हणाली.

पण साहेब येणार म्हणजे गाव नटवायचं, ही आमच्याकडची रीत. चावडी सारवली, वेशीला तोरण बांधलं, उकिरडे मातीनं झाकले. पूर्वी प्लेगात एका साहेबानं गाव खाली करायला लावून घरांवरची छपरं उचकटली होती, ती धास्ती म्हाताऱ्यांच्या मनातून गेली नव्हती. शिवाय तापाचं गाव असं नाव पडलं तर पोरींची लग्नं कशी जमायची? सासऱ्यांनी दवंडी दिली, एकही दुखणेकरी साहेबांच्या नजरेला पडता कामा नये. आणि घरात येऊन म्हणाले, "पयली आपल्या घरची बाज हलवा. मंग लोकायला सांगायला तोंड ऱ्हातंय."

मी सासूबाईंच्या कानाशी लागले, की दवाखाना तर आजाऱ्यांसाठीच हवा ना? त्यांनी मला गप्प केलं. "गावाची अब्रू घालवायची हाय का तुला?"

साहेब यायच्या दिवशी सकाळीच गाड्या जुंपून सगळे दुखणेकरी मळ्यात नेले. त्यांच्याजवळ राहायला मलाही धाडलं. चिंचेखाली माणसं घोंगड्या पांघरून कुडकुडत पडली होती. कुणी कण्हत होतं, कुणी पाणी मागत होतं. जाऊ माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "भूक लागली म्हणून ताट मागायचं, अन् वाढायला आल्यावर ढेकर द्यायचा. असं करायलेत आपले मामंजी." मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. गावाकडून हलगीचा आवाज येत होता.

संध्याकाळी परतलो तर गाव खुशीत. साहेब म्हणाले होते, "बहोत खूब! गाव तो एकदम तंदुरुस्त है." सासऱ्यांनी ते वाक्य चारचौघांना पुन्हा पुन्हा ऐकवलं.

ओढ्यापलीकडच्या लोकांनी चावडीपुढं बाजांची रांग लावली होती. दवाखाना त्यांना मिळाला.

तो उघडेपर्यंत पावसाळा लागला, आणि भाद्रपदात जावेचा ताप उतरेना. शुद्ध हरपायला लागली तसं सासऱ्यांनी स्वतः गाडी जुंपली. थोरले दीर पुढे, मी तिला धरून आत. काळ्या रानातला चिखल, चाकं पार मधल्या तुंब्यापर्यंत रुतत होती. ओढ्यावर पोचलो तर पाणी दोन्ही थड्या धरून वाहत होतं. पलीकडे दवाखान्याचे नवे पत्रे दिसत होते. सासरे गुडघाभर पाण्यात उभे राहून डॉक्टरला हाका मारत राहिले. इतका मोठा माणूस, आणि त्यांचा आवाज पाण्यात कुठच्या कुठे जात होता. जाऊ माझ्या हातात गेली. मला सासऱ्यांची कीव आली नाही. खरं सांगते, त्यांनाही तो ओढा ओढून नेवो, असंच वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात साहेब पुन्हा दौऱ्यावर आले. सासूबाईंनी सारवायला शेण कालवलं, तर सासऱ्यांनी पाटीच उचलून बाहेर फेकली. तोरण नाही, हलगी नाही. गावातले सगळे दुखणेकरी त्यांनी चावडीपुढं आणवले. आमचं दार चावडीसमोरच होतं. दाराआडून मी बघत होते.

साहेब वैतागले. दवाखाना केव्हाच मंजूर झालाय, तिकडे न्या यांना, असं म्हणाले. जायला वळले तर रांगेच्या तोंडाशी एक बाज रिकामी दिसली. ही कुणाची, म्हणून त्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी हात जोडले.

"आमच्या थोरल्या सुनंची, सरकार. मागच्या खेपंला दाखवायची ऱ्हायली."