गुरुजी जाऊन आले

नोकरीचं पत्र कुणी दाखवायला आणलं की गुरुजी पगाराच्या ओळीवर बोट ठेवून ती झाकायचे. “हे मंग वाचू. कारखान्यात बनतं काय? गाव कसं हाये? राहशील कुठं?” पोराला यातलं काही ठाऊक नसायचं. मग गुरुजी पोस्टकार्ड काढायचे.

घनसावंगीच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती आणि शिकलेली पोरं लांबलांबच्या कारखान्यांना अर्ज करत होती. आपल्या भागातलं कोण कुठं नोकरीला आहे, हे गुरुजींना पाठ होतं. त्या लोकांना ते कार्डावर विचारायचे: पाणी कसं आहे, पाळी किती तासांची, खानावळीत भाकरी मिळते का. आमच्यातल्या एकाला रसायनाचा कारखाना म्हणजे औषधाचा वाटला होता. गुरुजींनी चौकशी करून सांगितलं, “खताचा हाये. वास सोसल का?” त्याला सोसला. बायकोला मात्र शेवटपर्यंत सोसला नाही.

मला पत्र आलं ते पुण्याच्या पलीकडच्या एका कारखान्याचं. माझे वडील जालन्याच्या पुढं कधी गेले नव्हते. आई पत्राकडं नुसती बघत राहिली. गुरुजी म्हणाले, “शाळेला सुट्टीच हाये. मी पाहून येतो.”

अंबड, औरंगाबाद, नगर करत ते एसटीनं गेले आणि पाचव्या दिवशी परतले. वहीच्या कागदावर त्यांनी रस्ता काढून आणला होता. “फाटकापासून खोली पंधरा मिनटं. मालकीण म्हातारी हाये, बोलती कमी, पण बाई बराबर हाये. तिला समदं सांगून आलो. तुला काही सांगायचं काम न्हाई.”

त्या ‘समदं’चा अर्थ मी तेव्हा विचारला नाही.

सहा महिन्यांनी मालकीणबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. सहज बोलून गेल्या, “तुझे मास्तर पाच घरं फिरून माझ्याकडं आले. दारातच म्हणाले, मुलगा बौद्ध आहे, मीही बौद्ध आहे. चालत नसेल तर आत्ताच सांगा, पोराला उंबऱ्यावरून परत पाठवू नका. बाकीच्यांनी खोली रिकामी नाही म्हणून सांगितलं होतं. मी पाणी दिलं तर तीन तांबे प्याले.”

मी खोलीत जाऊन बसलो.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा गुरुजींना म्हणालो, “तुम्ही मला सांगितलं न्हाई.”

ते शाईची बोटं धोतराला पुसत होते. “पाच दारं मी पाहून आल्तो ना? मंग तुला कशाला दाखवायची?” एवढं म्हणून त्यांनी घरात चहा सांगितला.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी गुरुजी गेले. मला कळवणारं कार्ड आठवड्यानं पोचलं. मी गेलो तेव्हा शाळेत भूगोलाला दुसरे मास्तर आले होते.

पुढं माझ्या खूप बदल्या झाल्या. कंपनीच घर द्यायची, न्यायला माणूस पाठवायची. तरी प्रत्येक नव्या गावात उतरताना छातीत धडधडायचं. त्या पहिल्या गावात तसं झालं नव्हतं. तेव्हा मी विशीतला, एकटा, हातात पत्र्याची पेटी. पण एसटीतून पाय खाली ठेवला आणि वाटलं, इथं आपलं माणूस आधी येऊन गेलंय.